ठेव आणि ठेवा

ख्रिस्ती माणसाने आपल्या घरातील मौल्यवान वस्तूंचा विमा उतरवावा काय? हा प्रश्न विमा प्रतिनिधीला विचारावयाचा, धर्मगुरूंना नव्हे, असे कोणासही वाटेल. आयुर्विमा घरोघरी पोहोचला आहे. मोटारीचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. मग आजीची पोत, आईच्या पाटल्या, आल्तारावरील जुनी लाकडी मूर्ती ह्यांचा विमा उतरवला तर त्यात पापपुण्याचा संबंध कोठे येतो? परंतु आमच्या समाजात हा प्रश्न विचारला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी विचारला जातो. देवावर भरवसा आहे, तर कंपनीच्या कागदाची गरज काय, असे एक पक्ष म्हणतो. देवाने बुद्धी दिली आहे ती वापरण्यासाठीच, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांना पवित्र शास्त्राचा आधार सापडतो, म्हणूनच ह्या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

पहिल्या पक्षाचा आधार सर्वांच्या परिचयाचा आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पृथ्वीवरच्या साठवणुकीचे तीन शत्रू सांगितले आहेत : कीड, गंज आणि चोर. संत लूकच्या शुभवर्तमानातील धनिक शेतकरी मोठी कोठारे बांधण्याचे मनसुबे रचतो आणि त्याच रात्री त्याचे प्राण जातात. दुसऱ्या पक्षाचा आधारही तितकाच बळकट आहे. इजिप्तमध्ये योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य साठवले आणि शास्त्राने त्याला अश्रद्ध ठरवले नाही. चोर कधी येणार हे ठाऊक असते तर घरधनी जागा राहिला असता, हा दाखला प्रभूनेच दिला. एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून सारे घर झाडणारी स्त्रीही त्याच्याच दाखल्यातली आहे.

आता योसेफ आणि तो धनिक शेतकरी ह्यांच्यात फरक तो काय? कोठारे दोघांच्याही डोक्यात होती. पण शेतकऱ्याचे सारे बोलणे स्वतःशी चालले आहे. त्याच्या कोठारांत दुसऱ्या कोणाला जागा नाही. योसेफाची कोठारे मात्र भुकेल्यांसाठी उघडली गेली आणि ज्या भावांनी त्याला विकले होते, तेही त्या धान्यावर जगले. राखावे की राखू नये, एवढाच प्रश्न नाही. कोणासाठी राखावे आणि राखताना आपले काय होते, हा खरा प्रश्न आहे. विम्याचा विचार आम्ही ह्याच कसोटीवर करू इच्छितो.

ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता. समुद्रमार्गे जाणाऱ्या व्यापाऱ्याला कर्ज देणारा सावकार 'गलबत बुडाले तर माझे पैसे बुडाले' असे म्हणून जोखीम स्वतःवर घेई आणि तिच्याबद्दल मुद्दलाहून अधिक रक्कम मागे. १२३४ साली पोप ग्रेगरी नववे ह्यांच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या धर्मनियमसंग्रहात असा सावकार व्याजखोर ठरवला गेला. ह्याचा धाक इतका, की १३४७ साली जिनोआ येथे लिहिला गेलेला विम्याचा एक अतिशय जुना करार बिनव्याजी कर्जाचे सोंग घेऊन उभा आहे. जिनोआहून मायोर्काला निघालेले गलबत सुखरूप पोहोचले तर ते 'कर्ज' रद्द व्हायचे. न पोहोचले तर फेडायचे. हप्त्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

पुढे धर्मशास्त्रज्ञांनी व कायदेपंडितांनी ह्याचा अधिक बारकाईने विचार केला. पेद्रु द सांतारेम ह्या पोर्तुगीज विधिज्ञाचा विम्यावरील ग्रंथ १५५२ साली व्हेनिस येथे छापला गेला. त्या वेळी आमची वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन अठरा वर्षे झाली होती आणि येथून निघणारी गलबतेही त्याच संकटांतून जात होती. विमेदार कर्ज देत नाही, तो दुसऱ्याचे संकट स्वतःच्या खांद्यावर घेतो आणि त्या श्रमाचे मोल मागतो. म्हणून ते व्याज नव्हे, अशी ह्या विचाराची दिशा होती. तीच पुढे मान्य झाली. तेव्हा विमा उतरवणे हा देवावरचा अविश्वास होय, असे म्हणणाऱ्यांनी ही शतकांची चर्चा लक्षात घ्यावी. विम्याची शंभर घरे मिळून थोडे थोडे पैसे एका गल्ल्यात टाकतात आणि ज्याचे जळाले त्याचे नुकसान त्यातून भरून निघते. संत पौलने गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहावयास सांगितले. कंपनीला नफा हवा असतो हे खरे. पण तो नफा बाजूला केला तर विम्याच्या मुळाशी हेच ओझे वाहणे आहे.

मात्र गल्ला सर्वांचा आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे त्यातून एक कडक नैतिक बंधन निघते. विम्याच्या कायद्यात परम सद्भाव नावाचे तत्त्व आहे. वस्तू खरोखर आपल्याजवळ काय आहे, कोठे ठेवली आहे, तिची किंमत काय, हे विमा घेणाऱ्याने आपण होऊन खरे सांगावे, अशी त्यात अपेक्षा असते. हप्ता वाचवण्यासाठी दहा लाखांचे सामान पाच लाखांचे सांगितले आणि पुढे दोन लाखांचे नुकसान झाले, तर ज्या पॉलिसीत सरासरीची अट आहे तिच्यात एकच लाख मिळतो. ह्याच्या उलट, चोरीला गेली चार तोळ्यांची साखळी आणि दाव्यात लिहिली सात तोळ्यांची, असेही घडते. 'कंपनीचेच पैसे आहेत' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. आम्हांस येथे प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या व सप्पीरा आठवतात. जमीन त्यांची होती, ती विकण्याची कोणी सक्ती केली नव्हती. त्यांचा अपराध पैशांचा नव्हता, खोट्या आकड्याचा होता. खोटा दावा हा कंपनीच्या मालकाच्या खिशातून नव्हे, ज्याचे घर उद्या जळणार आहे त्या अनोळखी माणसाच्या खिशातून काढलेला पैसा आहे. पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट किती जणांना आठवत असेल?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण अज्ञान म्हणजे श्रद्धा नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना उपलब्ध करून द्यावी लागते. इमारतीचा विमा उतरवला की घरातील सामानाला, इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. परंतु दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू ह्यांची नोंद वेगळी करून, त्यांचे मूल्य आधी ठरवून घ्यावे लागते. ह्या पॉलिसीचा भर आग, वादळ, पूर, भूकंप अशा संकटांवर आहे. त्या संकटाच्या पाठोपाठ सात दिवसांत झालेली चोरी तिच्यात येते, पण एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. कागदावर सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारून घ्यावे.

बँकेच्या लॉकरविषयी तर गैरसमज फारच आहेत. लॉकरमध्ये ठेवले म्हणजे बँकेने हमी घेतली, असे पुष्कळांना वाटते. बँकेला आत काय आहे हे ठाऊक नसते आणि ती त्याचा विमाही उतरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नवे नियम केले; ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर ह्यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. भाडे तीन हजार रुपये असेल तर तीन लाख. आत तीस लाखांचे सोने असले तरी हिशेब तोच. भूकंप, पूर, वीज पडणे अशा संकटांत तर, बँकेने योग्य काळजी घेतली असल्यास, तेवढीही जबाबदारी नाही.

अशा संकटांना इंग्रजी कायद्याच्या परंपरेत देवाची करणी असे म्हणतात. हा शब्दप्रयोग आम्हांस नेहमीच खटकतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई व उपनगरांतील किती घरांत पाणी शिरले! २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यावर देवाने विशेष रोष धरला होता काय? सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, हे प्रभूने निक्षून सांगितले आहे. संकट ही शिक्षा नव्हे. म्हणून संकटाची तरतूद करणे हे देवाच्या हातून निसटण्याची धडपडही नव्हे. येथे आम्ही विम्याच्या बाजूने निःसंदिग्ध उभे आहोत. कर्ज काढून घर बांधणाऱ्या, मुलीच्या लग्नासाठी तोळा-तोळा सोने जमवणाऱ्या गृहस्थाने त्याचे रक्षण करावे. त्याच्यावर अवलंबून असलेल्यांप्रती ते त्याचे कर्तव्य आहे.

पण विमा काय परत देतो आणि काय देऊ शकत नाही, हेही तितकेच स्पष्ट पाहिले पाहिजे. प्रभूने सांगितलेले तीन शत्रू पुन्हा आठवावे. विम्याच्या शर्तींत कीड, गंज आणि काळाने होणारी झीज सर्वसाधारणपणे वगळलेली असते. तिघांपैकी फार तर चोराचा बंदोबस्त करता येतो. शिवाय घरगुती पॉलिसीत वेगळा उल्लेख नसेल तर सोन्याची लगड, सुटी रत्ने, नाणी, हस्तलिखिते आणि कागदपत्रे धरली जात नाहीत. म्हणजे आजोबांनी जमवलेली जुनी नाणी, पणजोबांनी बोटीवरून लिहिलेली पत्रे, आजीची हाताने उतरून घेतलेली गीतांची वही, ह्या गोष्टी कंपनीच्या लेखी बहुतेक वेळा नसतातच. त्यात कंपनीचा दोष नाही. विमा किंमत भरून देतो. ज्याला बाजारात किंमत नाही त्याचे तो काय भरून देणार?

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचे नोत्र-दाम कॅथीड्रल पेटले, ते साऱ्या जगाने पाहिले. ती इमारत फ्रेंच सरकारच्या मालकीची. सरकारने तिचा विमा उतरवलेला नव्हता, नुकसानीचा भार सरकारनेच सोसावयाचा अशी तेथील रीत. त्या संध्याकाळी अग्निशमन दलाचे धर्मगुरू फादर जाँ-मार्क फुर्निये आत गेले. काट्यांचा मुकुट आणि पवित्र साक्रामेंत वाचवण्यासाठी त्यांची धडपड चालली होती. जळत्या घरातून प्रथम काय बाहेर काढावयाचे, ह्या एका प्रश्नाने माणसाचा ठेवा कोणता ते कळते. काट्यांच्या मुकुटाला कोणता सराफ मूल्यांकनपत्र देईल? जगभरच्या देणग्यांतून ते मंदिर पुन्हा उभे राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये उघडले गेले. परंतु जुन्या छपराच्या शेकडो वर्षांच्या ओक तुळया गेल्या त्या गेल्याच.

म्हणून ज्याचा विमा उतरवता येत नाही त्याचे रक्षण निराळ्या रीतीने करावे लागते, आणि ती रीत कुलूपबंद नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे लिहावीत. पत्रांच्या प्रती काढून त्या दोन-तीन नातलगांच्या घरी ठेवाव्यात. कोणती वस्तू कोणाची, कोणी आणली, कोणत्या प्रसंगी मिळाली, हे मुलांना सांगावे. गोव्यात १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले, पुढे ते जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये गेले. मंदिरांतून व घरांतून आलेल्या किती तरी वस्तू त्यामुळे लोकांसमोर राहिल्या. आमच्या धर्मग्रामांतही एखादे कपाट ह्यासाठी राखता येईल. जी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते ती एका घराला लागलेल्या आगीत नष्ट होत नाही. विमा जोखीम वाटून घेतो, तशी स्मृतीही वाटून घेता येते.

त्याच संग्रहालयात २०१२ च्या जानेवारीत चोर शिरले आणि तेथील पहारेकऱ्याचा खून झाला. चोरीला गेलेल्या वस्तूंची मोजदाद झाली असेल, पण त्या रात्री गेलेला सर्वांत मोठा ऐवज तो माणूस होता. वस्तूंचे रक्षण करताना माणसाला कोठे उभे करतो, हा विचार आपण फार क्वचित करतो. पहारेकऱ्याचे एक उदाहरण झाले. आमच्या घरांत अधिक वारंवार घडणारे दुसरे आहे. एखादी अंगठी सापडेनाशी होते. घरात चार माणसे असतात, पाहुणे येऊन गेलेले असतात. पण संशय प्रथम जातो तो भांडी घासायला येणाऱ्या बाईवर. तिची पिशवी उघडून पाहिली जाते, कधी पोलिसांत नाव दिले जाते. महिन्याभराने अंगठी कपाटामागे सापडते. घरात आनंद होतो. त्या बाईचे मात्र चार घरांचे काम गेलेले असते आणि आळीत तिचे नाव खराब झालेले असते. आठव्या आज्ञेचा हा भंग आहे आणि त्याची भरपाई कोणतीही पॉलिसी देत नाही. विम्याचा उपयोग येथे होऊ शकतो असे आम्ही आग्रहाने म्हणू. वस्तूची नोंद आहे, छायाचित्र आहे, किंमत भरून निघणार आहे, एवढे मनाला ठाऊक असले तर शेजारच्या माणसाकडे चोर म्हणून पाहण्याची घाई थोडी कमी होईल. हप्ता भरूनही संशय तसाच राहिला, तर आपण सोने राखले आणि शेजारी गमावला.

जी वस्तू परक्यावर संशय घ्यावयास लावते, तीच सख्ख्या भावंडांनाही एकमेकांपासून तोडते. आईला पुरून आले की आठवडा उलटत नाही तोच पाटल्या कोणी नेल्या हा प्रश्न निघतो. लॉकरवर ज्याचे नाव नामनिर्देशित आहे तो स्वतःला मालक समजू लागतो. कायद्याने तसे नाही. नामनिर्देशित व्यक्तीने ऐवज वारसांसाठी ताब्यात घ्यावयाचा असतो. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी ह्यांचा वाटा सारखा आहे. तरीही मुलींना 'लग्नात दिले की' असे ऐकवले जाते. जिवंतपणी, शुद्धीत असताना मृत्युपत्र करणे, आणि त्याहून बरे म्हणजे आपल्या हाताने देऊन मोकळे होणे, हे मुलांच्या सलोख्याचे खरे संरक्षण आहे. वर्षानुवर्षे लॉकरच्या अंधारात पडलेले सोने आम्हांस जमिनीत पुरलेल्या तालांताची आठवण करून देते. त्या दासाने धन्याचे काही चोरले नव्हते; त्याने ते अत्यंत सुरक्षित ठेवले होते. त्याचा दोष भीती हा होता.

इ. स. २५८ मध्ये रोम शहरात डिकन लॉरेन्सला ख्रिस्तसभेचा खजिना हवाली करण्यास सांगितले गेले. परंपरा सांगते की त्याने सर्व काही गरिबांत वाटले आणि त्या गरिबांनाच अधिकाऱ्यांपुढे उभे करून हाच आमचा खजिना, असे सांगितले. आपण सारे लॉरेन्स होऊ शकत नाही. प्रापंचिक माणसाला तशी अपेक्षाही नाही. खाजगी मालकी ख्रिस्तसभा नाकारत नाही. परंतु पृथ्वीवरील संपत्ती सर्व मानवांसाठी निर्माण केली आहे आणि आपल्या मालकीच्या वस्तूंकडेही इतरांचे काही असल्याप्रमाणे पाहावे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे. आमच्या पूर्वजांना हे ग्रंथ वाचल्यावाचून कळत होते. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने ज्या बॅसिन कॅथॉलिक बँकेचे बीज रोवले गेले, तिच्या मुळाशी हाच विचार होता : एकट्याची तुटपुंजी पुंजी एकट्याला राखता येत नाही, ती एकत्र आली तर अडलेल्याच्या उपयोगी पडते.

ह्याच वाटेने एक पाऊल पुढे टाकावे अशी आमची सूचना आहे. दागिन्यांचा व घरातील वस्तूंचा विमा अवश्य उतरवावा, खरी किंमत सांगून उतरवावा. मात्र वर्षाकाठी वस्तूंसाठी जेवढा हप्ता भरू, तेवढीच रक्कम धर्मग्रामातील अशा एका घरासाठी बाजूला काढावी की ज्या घराला विमा नाही : झोपडीच्या छपरासाठी, विधवेच्या औषधासाठी, वह्या भिजलेल्या मुलासाठी. जर वस्तूंसाठी भरलेला हप्ता हलका वाटला आणि शेजाऱ्यासाठी काढलेला तेवढाच पैसा जड वाटला, तर आपले हृदय कोठे आहे ह्याचा निर्णय करावयास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. विम्याचा कागद दर वर्षी नव्याने करावा लागतो. त्या दिवशी हाही हिशेब तपासावा.